भार नसलेला खांब

९ मार्च

मावशी,

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. आधी घडलं ते क्रमानं.

१. बुधवार, ४ मार्च. सकाळी सव्वासहा. तू शेगडीपासून न्हाणीघराकडे निघाली होतीस. अंतर तीन मीटर वीस सेंटिमीटर.
२. उजव्या हातात गरम पाण्याची बादली होती, अर्धी भरलेली. डावा हात मोकळा होता.
३. पायात काही नव्हतं. दोन्ही चपला पुढच्या दाराशी होत्या.
४. दिवा लागलेला होता.
५. तू डाव्या कुशीवर पडलीस. डावं मनगट मोडलं. पाणी उजवीकडे सांडलं, म्हणून भाजलं नाही.
६. फरशी त्याआधी कोरडी होती. ओली झाली ती तू पडल्यावर.
७. तू चार हाका मारल्यास. कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. सात वाजता दूधवाला आला. तोपर्यंत पंचेचाळीस मिनिटं तू जमिनीवर होतीस.
८. शनिवारी मी आले तेव्हा पाणसळ लावून सगळी फरशी तपासली. सगळ्यात मोठा फरक दोन मिलिमीटर. उंबरा नाही, पायरी नाही, कुठे कड वर आलेली नाही.
९. म्हणजे घरात दोष नाही.

तू दवाखान्यात म्हणालीस, ‘घरानंच ढकललं मला.’ घर ढकलत नाही. हे घर मी काढलं आहे, मला माहीत आहे.

जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा मी तुला माझ्याकडे ये म्हटलं होतं. तू म्हणालीस, तिसऱ्या मजल्यावर एकतीस वर्षं काढली, आता गावाबाहेरच्या त्या तुकड्यावर स्वतःचं छप्पर हवं, जमिनीला लागून. मी नकाशा काढून दिला. जानेवारीत तू राहायला गेलीस. त्या वेळी तू एक शब्द दिला होतास: ‘एकटीला जमेनासं झालं तर मी आपणहून सांगेन.’

तू सांगितलेलं नाहीस, म्हणून मी विचारते. माझ्या घरी दोन खोल्या आहेत, एक रिकामीच असते. लिफ्ट आहे. दवाखाना सहा मिनिटांवर. सातवा मजला असला तरी तुला जिना चढावा लागणार नाही. महिनाअखेरीस तू इकडे यावंस असं माझं मत आहे.

१६ तारखेपर्यंत काय ते कळव.

तुझी भाची


१४ मार्च

फूटपट्टीबाई,

पंचनामा मिळाला. सगळा वाचला. मेलेलं माणूस कुठे सापडेना, तेव्हा लक्षात आलं की ते मीच, आणि अजून जिवंत आहे.

डावा हात गळ्यात बांधलाय. उजवा शाबूत आहे, आणि जीभ शाबूत आहे हे तुला वेगळं सांगायला नको. पडले कशी विचारतेस ना? चप्पल अडकली. झालं. त्याला पाणसळ कशाला लागते?

तुझ्या घरी मी दोनदा राहून गेले. घर छान आहे, काचेच्या भांड्यासारखं. हात लावायची भीती वाटते. खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकी, आणि तीही बंद. लिफ्टमध्ये माणसं छताकडे बघत उभी राहतात, जणू तिथे काही लिहून ठेवलंय. मी एकाला विचारलं, ‘बरं आहे ना?’ तर त्यानं आधी मागे वळून पाहिलं. एक पैज लाव. तुझ्या शेजारच्या दारात कोण राहतं, त्याचं नाव सांग. सांगितलंस तर मी आजच सामान बांधते.

इथे माझं झकास चाललंय. वळणावरच्या घरातली मास्तरीणबाई तुला आठवत असेल, शाळेतून रिटायर झालेली, तू आलीस तेव्हा जिनं तुला ‘बस, बस’ म्हटलं तरी तू उभीच राहिलीस. ती रोज येते. माझा एक हात जायबंदी, तिचे दोन्ही गुडघे. दोघी मिळून एक अख्खी बाई होते. काल तिनं माझ्यासाठी बटणं लावली, सहा लावली आणि सहाही वाकडी. मी म्हटलं, बाई, जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत चुका काढल्यात, आता कळलं का करून दाखवणं म्हणजे काय? तर मला म्हणते, तू कापडाला बोलतेस तसं माणसाला बोलू नकोस.

मी दिलेला शब्द मला आठवतो. जमेनासं झालेलं नाही. म्हणून सांगितलेलं नाही. इतकं सोपं आहे ते.

जेवत जा वेळेवर. मागच्या वेळी तुझी गळपट्टी हाताला जास्तच मोकळी लागली.

मावशी


१९ मार्च

मावशी,

चप्पल: कृपया मुद्दा ३ पाहा.

शेजारी: दार क्रमांक ७०३. एक माणूस, एक कुत्रा. कुत्र्याचं नाव ठाऊक आहे. पैज तू जिंकलीस. त्यानं मूळ प्रश्न सुटत नाही.

तू खरं कारण सांगत नाहीस, हे मला पत्र उघडल्यावर चौथ्या ओळीत कळलं. तू खोटं बोलतेस तेव्हा वाक्यं तोकडी करतेस. ‘झालं’ हा शब्द तू शाळेतल्या माझ्या बाईंशीही असाच वापरायचीस, माझ्या गैरहजेरीचं कारण सांगताना.

माझं काम काय आहे ते तू लोकांना सांगतेस, ‘इमारतींची डॉक्टर’. ते बरोबर नाही, पण जवळ आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या घरांतल्या भेगा बघते. बहुतेकांना भेग बुजवून हवी असते. सिमेंट भरा, रंग द्या, पाहुणे यायचे आहेत. मी आधी कारण शोधते, कारण न सापडलेली भेग बुजवली तर ती पुढच्या वर्षी शेजारच्या भिंतीत निघते. तू पडलीस त्याचं कारण मला सापडलेलं नाही. म्हणजे तू पुन्हा पडू शकतेस. पुढच्या खेपेला मनगटच असेल असं नाही, आणि दूधवाला सातलाच येईल असंही नाही.

तोपर्यंत दोनच मार्ग आहेत. भिंतीला चार ठिकाणी धरायच्या दांड्या, न्हाणीघरात खरखरीत पायपुसणं, आणि गळ्यात घालायची एक बेल, जी दाबली की मला फोन येईल. किंवा इकडे येणं.

बेल तू गळ्यात घालणार नाहीस. म्हणून मी २८ तारखेचा टेम्पो सांगून ठेवला आहे. शिलाई मशीन आधी चढवू, ते जड आहे. तुझ्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली त्याची जागा मोजून ठेवली आहे.

एकच विचारते आणि तू एकच उत्तर दे. पडायच्या आधी तुझा डावा हात कुठे गेला होता?

तुझी भाची


२४ मार्च

फूटपट्टे,

टेम्पोवाल्याला सांग, दुसरं गिऱ्हाईक बघ.

माझ्या मशीनची जागा तू मोजून ठेवलीस, मला न विचारता! मी तुझं लग्न मोजून ठेवलं का कधी? ‘पूर्वेच्या खिडकीखाली’ म्हणे. खाली काय दिसेल? गाड्यांची टपं. त्यांना काय मी झालर लावू?

आता शांतपणे लिहिते. मास्तरीणबाई शेजारी बसून म्हणते आहे, रागात पत्र लिहू नये. तिला म्हटलं, हा राग नाही, हा माझा आवाज आहे.

तू दिलेलं घर चांगलं आहे. फार चांगलं आहे. पहिल्या दिवशी आत आले आणि न बघता काडेपेटी हाताला लागली. ओटा माझ्या कमरेला बरोब्बर. बाहेरची खोली तेवढीच, खिडकी तिथेच, दाराची कडी त्याच उंचीला. मी मनात म्हटलं, पोरीला वेळ नसेल, जुन्या घराचाच नकाशा उचलून दिला. असू दे, कामात असते. तक्रार नव्हती माझी. आजही नाही.

पण बाळा, खिडकी तिथेच असली तरी बाहेरची गॅलरी कुठे आहे? त्या खिडकीतून एकतीस वर्षं तोंडं जायची यायची. भाजी चिरता चिरता मला सगळ्या मजल्याची खबर. कोण रुसलं, कोण पास झालं, कुणाकडे पाहुणे आले. आता त्याच खिडकीतून शेत दिसतं. सुरेख आहे, नाही म्हणत नाही. पण वारा येतो, माणूस येत नाही. त्या दिवशी चार हाका मारल्या त्या सवयीनं त्या खिडकीकडे तोंड करून मारल्या. पाचवी मारली नाही. स्वतःचंच हसू आलं. गव्हाला हाका मारत होते मी.

त्यावर मी दोन गोष्टी केल्या आहेत. एक, मशीन बाहेर काढलं, रस्त्याच्या बाजूला पत्र्याखाली. आता जो जातो तो थांबतो, अर्धे कापड घेऊन, अर्धे नुसतंच तोंड घेऊन. दोन, मास्तरीणबाई रोज सकाळी सहाला माझ्याकडे चहाला येणार. तिला उशीर झाला तर मी तिच्याकडे माणूस पाठवायचा, मी दार उघडलं नाही तर तिनं. तुझ्या बेलपेक्षा बरं. बेल चहा पीत नाही.

राहता राहिलं मी पडले कशी. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुला सांगणार नाही. त्याची सोय मी माझ्या पद्धतीनं करते. गवंड्याला बोलावलंय. तू मध्ये पडू नकोस, घरात एक पडली तेवढं पुरे.

मावशी


३० मार्च

इंजिनियर ताईंना नमस्कार.

मी गवंडी, मावशींचं घर बांधलेला. मावशींनी बजावलंय की ताईंना फोन करायचा नाही. म्हणून पत्र लिहितो. पत्राबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

ताई, छत खचलंय का? माझ्या हातचं काम आहे, मला झोप लागेना. काल मावशींनी स्वयंपाकघरात लाकडी खांब रोवून घेतला. चार इंची, फरशीपासून छतापर्यंत. भिंतीला लागून नाही, वाटेतच. मी म्हटलं, इथे तुळई नाही, वर काही नाही, भार कशाचा घेणार हा? तर म्हणाल्या, तुला काय करायचंय, भार माझा मी बघते.

जागाही मापानं दिली नाही. शेगडीपाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, चार पावलं चालल्या आणि डावा हात लांब केला. जिथे हात थांबला तिथे म्हणाल्या, खडूनं खूण कर. शिंप्याचा खडू. मी नंतर गुपचूप टेप लावली. शेगडीच्या कडेपासून खांबाच्या मध्यापर्यंत सहा फूट एक इंच.

वर खिळाही मारून घेतला आणि त्यावर आपली कापडाची टेप टांगली.

तुम्ही म्हणाल तर काढून टाकतो. तुम्ही म्हणाल तर छतही बघतो. पण मी कळवलं असं सांगू नका, मला अजून त्यांच्याकडून दोन शर्ट घ्यायचे आहेत.

आपला, गवंडी


४ एप्रिल

मावशी,

छत ठीक आहे. गवंडीदादांना तसं कळवलं आहे. त्यांना बोलू नकोस, आणि त्यांचे शर्ट दे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मागच्या मे महिन्यात तू दोन दुपारी डोळे दाखवायला गेली होतीस, तेव्हा मी रजा घेऊन आपल्या जुन्या खोल्या मोजल्या. एकशे शहाऐंशी मापं. ओट्याची उंची, कडीची उंची, काडेपेटीचा कोनाडा, शेगडीपासून प्रत्येक दारापर्यंतचं अंतर. नवं घर त्या मापांवर काढलं. जुना नकाशा उचलला नाही. त्या इमारतीचा नकाशा कुणाकडेच नव्हता. वेळ नव्हता म्हणून ते घर तसं झालेलं नाही. सांगण्याची गरज वाटली नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही. सांगता आलं नाही.

मात्र जुन्या घरातल्या चुका मी घेतल्या नाहीत. न्हाणीघराच्या दारातली पायरी काढली. गळका कोपरा काढला. बाहेरच्या दाराची बोटं चेमटणारी चौकट काढली. आणि स्वयंपाकघरातला खण काढला. खण म्हणजे मी राहत होते तो, तीन फूट रुंद, फळ्यांच्या आडोशाचा. त्यामुळे तुझी वाट अडत होती. तू बादली घेऊन त्याला वळसा घालून जायचीस.

गवंडीदादांचं माप मिळाल्यावर मी ती वही काढली. माप क्रमांक १४१: शेगडीच्या कडेपासून खणाच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या मध्यापर्यंत, १८५० मिलिमीटर. त्यांचे सहा फूट एक इंच म्हणजे १८५४. डोळे मिटून तुझी चूक चार मिलिमीटरची आहे. माझ्या हाताखालची माणसं डोळे उघडे ठेवून याहून जास्त चुकतात.

त्या खांबावर तुझी टेप टांगलेली असायची. रोज सकाळी सव्वासहाला तू डावा हात खांबाला टेकवून वळायचीस आणि टेपचं पितळी टोक फळीवर वाजायचं. मग न्हाणीघराचं दार. मी ते आतून ऐकायचे. त्या आवाजानं मी उठायचे, घड्याळ लागलं नाही कधी.

नवं घर निराळं असतं तर तू बघून चालली असतीस. सगळं तेच होतं, म्हणून तू बघितलं नाहीस. हात खांबाकडे गेला, आणि खांब नव्हता.

मुद्दा ९ मागे घेते. दोष घरात होता. नकाशा माझा होता.

टेम्पो रद्द केला आहे.

फक्त एक कळत नाही. पडण्याचं कारण तुला समजलं होतं. सवय मोडली असती, आणखी महिना दोन महिन्यांत. भिंतीला दांडी लावली असती तरी चाललं असतं. वाटेच्या मध्ये खांब कशासाठी?

तुझी भाची


११ एप्रिल

माझ्या फूटपट्टे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग मास्तरीणबाईला वाचायला दिलं. ती म्हणाली, ही मुलगी रडते तेव्हाही टेप लावून रडते का? मी म्हटलं, तिला रडताना मी एकदाच पाहिलंय, आणि तेव्हाही तिनं आधी रुमाल चौकोनी घडी करून घेतला होता.

हो. खांबालाच धरायला गेले. दोन महिने नुसता हात हवेत जाऊन परत यायचा, त्या दिवशी मागोमाग मीही गेले. सांगितलं असतं तर तू ते मनाला लावून घेतलं असतंस आणि वर त्याचा तक्ता केला असतास. म्हणून चप्पल म्हटलं. चपलेला वाईट वाटत नाही.

मी मात्र समजले की तुला वेळ नव्हता. दोन दुपारी तू त्या खोल्यांतून गुडघ्यांवर फिरलीस आणि मी आले तर ओट्यावर चहाचा कप विसळून उपडा ठेवलेला! मी म्हटलं होतं, ‘आज लवकर कशी?’ तर तू म्हणालीस, ‘काम लवकर संपलं.’ बघ, तुझीही वाक्यं तोकडी होतात. माझं चुकलं. उशिरा का होईना, कबूल करते.

पण आता मी विचारते, तू उत्तर दे. हे कुठलं गणित म्हणायचं? सगळं घर उचलून आणलंस. काडेपेटीचा कोनाडासुद्धा आणलास. आणि चुकांच्या यादीत कोण, तर गळका कोपरा, बोटं चेमटणारी चौकट, आणि तू?

तू अकरा वर्षांची माझ्याकडे आलीस तेव्हा मला मुलं कशी वाढवतात त्यातलं काडीचं ज्ञान नव्हतं. कापडाची खोकी फोडली, फळ्या सरळ केल्या आणि तो खण ठोकला. चार इंच जास्तीची जागा काढायला ओटा सरकवता येईना म्हणून मी दोन दिवस चरफडत होते. तू आत गेलीस, दप्तरातून फूटपट्टी काढलीस, रुंदी मोजलीस आणि बाहेर येऊन म्हणालीस, ‘तीन फूट आहे. मला अडीच पुरेल.’ नाव तेव्हाच पडलं तुझं. लोकांना वाटतं तू नेमकी आहेस म्हणून. ते नाही. तू दर वेळी स्वतःला सहा इंच कमी मागतेस, म्हणून.

नव्या घरी येतेस तेव्हा बाहेरच्या खोलीत बॅगेला चेन लावून, चादर घडी करून, हॉटेलात उतरल्यासारखी झोपतेस. सकाळी मी उठायच्या आत तुझी गादी गुंडाळलेली. तू येऊन गेलीस हे मला कपांच्या संख्येवरून कळतं. तुझ्या घराची रिकामी खोली माझ्यासाठी मोजून ठेवलीस, आणि माझ्या घरात तुझ्यासाठी वीतभर जागा काढली नाहीस.

मी तुझ्याकडे येणार नाही. हे पक्कं, दगडावरची रेघ. मनगटाचं प्लॅस्टर बुधवारी निघतंय. माझं काम इथे आहे, तोंडं इथे आहेत, मरायचं झालं तर तेही इथेच, पण त्याला अवकाश आहे, हातात अकरा ब्लाऊज आहेत.

आणि मला जुनं घर नकोय गं. जुन्या घरात मी एकतीस वर्षं ‘जरा मोठं असतं तर’ म्हणत काढली. पुढच्या पत्र्याच्या जागी मला रस्त्याकडे तोंड करून नीट पडवी काढून दे, सहा जणी बसतील अशी. वाऱ्याची दिशा, उन्हाचा कोन असलं काही मला सांगू नकोस. माणसांची दिशा धर.

खांब कशाला म्हणतेस. दांडी भिंतीला लागते, भिंतीत राहते. खांब एकटा उभा राहिला की बघणाऱ्याला वाटतं, याच्यापुढे काहीतरी बांधायचं राहिलंय. गवंड्याला तेच वाटलं, फक्त तो वर बघत होता.

मी रोवला आहे. त्याच्यावर भार काय द्यायचा ते तू बघ. इंजिनियर तू आहेस.

तुझी मावशी


१६ एप्रिल

मावशी,

सुधारलेला नकाशा सोबत आहे. पाहताना पूर्व वरच्या बाजूला धर, नाहीतर तू मागच्या वेळेसारखं न्हाणीघर रस्त्यावर आलं म्हणून ओरडशील.

पडवी: रस्त्याच्या बाजूला, लांबी सोळा फूट, रुंदी आठ. सहा जणी, एक मशीन आणि मास्तरीणबाईंचे गुडघे लांब करून ठेवायला एक बाक. दुपारी तीन ते पाच तिथे ऊन येईल. माणसांची दिशा धरली की उन्हाची सुटते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. तू बांबूची चटई सोडशील असं धरलं आहे.

पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत नवी खिडकी काढली आहे, ओट्यासमोर. भाजी चिरताना समोर रस्ता दिसेल. शेताकडची खिडकी राहू दिली आहे. वारा कशाला घालवायचा?

खांब आहे तिथेच राहील. फळ्यांऐवजी विटांची अर्धी भिंत घेतली आहे, म्हणजे तो डगमगणार नाही आणि तुला रोज धरता येईल. टेपचा खिळा खांबाच्या त्याच बाजूला ठेवावा, त्याच्याखाली एक फळी मात्र लाकडाचीच लावावी, असं गवंडीदादांना लिहिलं आहे. त्यांनी कारण विचारलं तर सांगू नकोस.

खण: लांबी साडेसहा फूट. आत एक टेबल, एक गादी, एक दिवा. रुंदी तीन फूट. अडीच नाही.

ऑफिसात विचारलं. नकाशांचं काम आठवड्यातून दोन दिवस कुठूनही करता येतं. साइटवर जायचं काम बाकीच्या दिवसांत बसतं. हे गेली दीड वर्षं शक्य होतं. मी विचारलं नव्हतं. साहेबांनी उत्तर द्यायला अर्धं मिनिट घेतलं.

गवंडीदादांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यांना कळवलं आहे. खांबावरचा भार: माणूस एक, वजन बावन्न किलो, गुरुवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ. तू वजनाबद्दल काही लिहू नकोस.

७०३मधल्या माणसाचं नाव विचारलं. त्याला माझं ठाऊक होतं. तुला त्याचं सांगत नाही, नाहीतर तू सामान बांधशील.

आता एक राहिलं. खणाला मी दार काढलेलं नाही. पूर्वी पडदा होता, तू शिवलेला, खाली दोन बोटं दुमड जास्तीची ठेवलेला, मी उंच होईन म्हणून. मला तसाच पडदा हवा आहे. उंची सहा फूट दोन इंच, रुंदी तीन फूट आणि चुण्यांसाठी तुला वाटेल तेवढी. रंग तू ठरव. मनगटाला आत्ताच झेपणार नसेल तर मी थांबेन, पण गवंडीदादा सोमवारी, २७ एप्रिलला काम सुरू करतात आणि पडद्याच्या दांडीची भोकं त्यांना आधी लागतात.

शिवशील का, ते बुधवार, २२ एप्रिलपर्यंत कळव.

तुझी
फूटपट्टी